खाली लिहू नये

फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते, हो ना मित्रांनो? बाई, खडू, बेरजा-वजाबाक्या. मी मात्र आयुष्यात एक दिवसही शाळेत गेलो नाही. मी पंपघरातला फळा. माझ्यावर कधी कविता लिहिली गेली नाही की कुणी फुलपाखरू काढलं नाही. आता जुना झालो आहे, भंगारखोलीत तोंड भिंतीकडे करून उभा आहे. परवा ट्रक येणार असं कानावर आलंय. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगतो, आणि हात जोडून विनंती करतो (हात नाहीत, पण समजून घ्या), मध्येच उठून जाऊ नका. माझ्यानंतर हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मला एका सुताराने घडवलं. गोदामाचं एक दार मोडलं होतं, त्याच्या दोन फळ्या शाबूत निघाल्या. त्याने त्या जोडल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि पंपघराच्या भिंतीवर चार स्क्रूंनी मला घट्ट बसवलं. शेवटचा स्क्रू पिळताना म्हणाला, "दार होतास तेव्हा माणसांना अडवायचास. आता त्यांना बोलतं कर बाबा." सुतार मोठा गमत्या होता. पण त्याचं ते वाक्य मी गाठीशी बांधून ठेवलं.

पंपघर म्हणजे काय, तेही सांगतो. एक लांबट खोली. तिच्यात दोन पंप, रात्रंदिवस घुर्र घुर्र करणारे. बाजूला मोठमोठी लोखंडी चाकं. चाक फिरवलं की पाइपातलं पाणी सुटतं किंवा थांबतं. इमारतीच्या मागे, जमिनीच्या पोटात, तीन टाक्या. प्रत्येक टाकी दोन पुरुष खोल, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत एक लोखंडी शिडी. तीन नंबरच्या टाकीत पाणी नेणारा जाड पाइप माझ्याच भिंतीतून, माझ्या पायाशी जायचा. त्यातून पाणी सुटलं की माझं अंग बारीक थरथरायचं. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

पाणी काही सुट्टी घेत नाही, म्हणून माणसं पाळीने यायची. सकाळची पाळी दुपारी दोनला जायची, दुपारची यायची. जाणाऱ्याने येणाऱ्याला काय काय सांगायचं ते माझ्यावर लिहायचं. एवढंच माझं काम. पण माझ्या काळचा मुकादम मोठा खट माणूस. अंगाने बुटका, आवाज मात्र दोन्ही पंपांच्या वरचा. त्याने एक पद्धत पाडली होती. नुसतं लिहून कुणी घरी जायचं नाही. जाणारा आणि येणारा, दोघांनी माझ्यासमोर उभं राहायचं. जाणाऱ्याने ओळ मोठ्याने वाचायची आणि येणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. मगच ओळीपुढे खूण करायची.

"दोन नंबर पंप गरम होतोय. तासातासाला हात लावून बघ," जाणारा म्हणायचा.

"हो."

लगेच कोपऱ्यातून मुकादम ओरडायचा, "हो काय हो? हो तर कुणीही म्हणतं. परत बोल!"

"दोन नंबर पंप... तासातासाला हात लावून बघायचं. चटका बसला तर बंद करायचा."

"चटक्याचं मी बोललोच नव्हतो," जाणारा म्हणायचा. "पण बरोबर आहे तुझं."

बघा, परत बोलताना जास्तीचं काहीतरी सापडायचंच. माणसं वैतागायची. मुकादमाचं नावच त्यांनी 'परतबोल' ठेवलं होतं, अर्थात त्याच्या पाठीमागे. घरी बायकोने भाजी आणायला सांगितली तर हा तिलाही परत बोलून दाखवत असेल, असं म्हणून हसायची. हसत हसत का होईना, पण बोलायची. त्या वर्षांत माझ्यासमोर कुणाचं बोट चेचलं नाही की पंप जळला नाही.

एकदाच घोटाळा झाला, तोही हसण्यासारखा. सकाळच्या पाळीने लिहिलं, 'औषधाचे ड्रम खाली'. पाण्यात टाकायच्या औषधाचे भरलेले ड्रम गाडीतून खाली उतरवून ठेवलेत, असं त्यांना म्हणायचं होतं. मुकादम त्या दिवशी रजेवर होता, त्यामुळे परत बोल झालं नाही. दुपारच्या पाळीने वाचलं, ड्रम खाली, म्हणजे रिकामे झाले. त्यांनी मोठ्या तत्परतेने सहाच्या सहा भरलेले ड्रम गाडीत चढवून परत पाठवून दिले! उचलताना एवढे जड का लागतायत, असा प्रश्न एकालाही पडला नाही.

सगळे पोट धरून हसले. मुकादम हसला नाही. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आज ड्रम गेले. उद्या माणूस जाईल." मग त्याने पांढरा ऑइल पेंट आणला आणि माझ्या कपाळावर, कधी पुसलं जाऊ नये असं, लिहिलं:

खाली लिहू नये.

त्या दिवसापासून तो शब्द माझ्यावरून हद्दपार झाला. टाकीत पाणी नसलं तर 'रिकामी' लिहायचं. माणूस टाकीत गेला तर 'आत' लिहायचं. दोन अर्थांचा शब्द आमच्या घरात नको, बस्स.

वर्षं गेली. मुकादम निवृत्त झाला. जाताना त्याने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि कुणी बघत नाही असं पाहून माझ्यावर एकदा हात फिरवला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. पाळीला सात माणसं असायची, ती तीनावर आली, मग कधी दोन, कधी एक. आणि त्याच सुमारास सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. 'पंपघर परिवार' नावाचा ग्रुप निघाला. आता मजकूर तिकडे जायचा आणि सगळे त्याखाली अंगठा टाकायचे. मला सवय म्हणून एखादी ओळ मिळायची. माझ्या अर्ध्या अंगावर कॅलेंडर आलं, रजेचे अर्ज चिकटले, कुणाच्या तरी स्कूटरची 'विकणे आहे' अशी चिठ्ठी लागली. मी कुरकुर केली नाही. म्हातारपणी असं व्हायचंच, म्हणून गप्प बसलो.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला जिव्हारी लागली. नव्या लोकांनी माझ्या कपाळावरची पाटी वाचली, 'खाली लिहू नये', आणि त्यांना वाटलं, फळ्याच्या खालच्या भागात लिहायचं नाही! झालं. सगळे वरच्या वीतभर जागेत दाटीवाटीने लिहू लागले आणि माझा खालचा भाग कोरा. एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले, तर मान डोलवत म्हणाले, "वा, शिस्त आहे. खालची बाजू स्वच्छ ठेवलीय." मला हसावं की रडावं कळेना. तीन शब्दांची पाटी, आणि तिचाही खरा अर्थ सांगायला कुणी उरलं नव्हतं.

नाही, एक जण होता. फिटरमामा. मुकादमाच्या हाताखाली तयार झालेला शेवटचा माणूस. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, साहेबसुद्धा. मामांना पाटीचा अर्थ ठाऊक होता. सुरुवातीला ते नव्यांना म्हणायचे, "परत बोल रे." नवे हसायचे. "मामा, आम्ही काय बालवाडीत आहोत का?" हळूहळू मामांनी म्हणणं सोडून दिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, शब्द ओठावर यायचा आणि परत जायचा.

मामांची एक सवय होती. टाकीकडे जाताना ते चपला माझ्या पायाशी, भिंतीला लावून काढून ठेवायचे आणि गमबूट चढवायचे. पिण्याच्या पाण्याजवळ रस्त्यावरची चप्पल नको म्हणून. आले की गमबूट उतरवायचे, चपला घालायचे, माझ्यावर टिचकी मारायचे आणि घरी जायचे.

आता त्या दुपारचं सांगतो. सांगताना आजही माझ्या फळ्यांचा सांधा उकलतो.

सकाळपासून तीन नंबरची टाकी रिकामी करून धुतली होती. शिडीचे दोन बोल्ट सैल राहिले होते. दीडच्या सुमाराला मामा पाना घेऊन निघाले. सकाळच्या पाळीवर जो ऑपरेटर होता त्याला सगळे 'झालंच' म्हणायचे. काहीही सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं, "झालंच समजा." मनाचा वाईट नव्हता हो तो. घाईचा होता, इतकंच.

मामांनी चपला काढल्या. "मी तीन नंबरमध्ये उतरतोय. तू तोंडाशी बस. आणि फळ्यावर लिही."

"झालंच समजा, मामा."

मामा क्षणभर थांबले. मला वाटलं आता म्हणतील, परत बोल. म्हणाले नाहीत. गेले.

दोनला दहा कमी असताना झालंच धावत पंपघरात आला. फोन कानाला, चेहरा पांढराफटक. त्याची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि शेजारीण फोनवर रडत होती. त्याने खडू उचलला. वरच्या दाटीत, रजेच्या अर्जाच्या कडेला, त्याने घाईघाईत लिहिलं:

टाकी ३ खाली मामा

तेच ग्रुपवरही टाकलं, खाली 'आई पडली, निघतोय' असंही. टिंग, टिंग, टिंग. तीन अंगठे आले. दहा मिनिटांत दुपारची पाळी येतेच आहे, असं म्हणून तो गेला. आई पडली होती त्याची. मी त्याला दोष कसा देऊ?

माझ्या अंगावर मात्र काटा आला. तो शब्द. इतक्या वर्षांनी तोच शब्द, माझ्याच कपाळाखाली, वीतभर अंतरावर.

दोनला दुपारच्या पाळीची ताई आली. दुसऱ्या पंपघरातून नुकतीच बदलून आलेली, कामाला वाघ. डबा ठेवला, पंपांना हात लावून पाहिला, मग माझ्याकडे वळली. वाचलं. तिने काय वाचलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. टाकी तीन खाली. पुढे सही, मामा. म्हणजे टाकी धुऊन रिकामी झाली, आणि मामा तसं लिहून घरी गेले.

एवढ्यात टेकडीवरच्या दवाखान्यातून फोन. पाणी संपत आलंय, ऑपरेशन थांबलंय, तीन नंबर कधी भरणार? पाच मिनिटांत पुन्हा फोन.

आणि ताईने काय करावं? ताईने चौकशी केली, मित्रांनो! निष्काळजी म्हणू नका तिला. तिने झालंचला फोन लावला. रिक्षाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"तीन नंबर खाली आहे ना?"

"हो, हो, खाली! लिहिलंय ना फळ्यावर. मामा."

"बरं. आई कशी आहे?"

"चाललोय दवाखान्यात. ठेवतो."

"काळजी घे," ताई म्हणाली.

दोघांनी विचारलं, दोघांनी सांगितलं, दोघांचं समाधान झालं. आणि दोघं दोन वेगळ्या टाक्यांबद्दल बोलत होते. एकाच्या टाकीत माणूस होता, दुसरीच्या टाकीत कुणीच नव्हतं.

अगं ताई, परत बोल! मी ओरडत होतो. एकदा, एकच वाक्य, तुझ्या शब्दांत! 'टाकी रिकामी आहे, मी भरते', एवढं बोल, तो रिक्षातून उडी मारेल! पण मी फळा. मला काय तोंड आहे? जे माझ्यावर लिहितात तेवढंच मी बोलतो, आणि ते मी बोललो होतो. माझ्या पायाशी मामांच्या चपला होत्या. ताई आणि चपला यांच्या मध्ये टेबल होतं. वाकून बघ गं. खडू पडू दे तुझ्या हातून, किल्ली पडू दे, काहीही पडू दे.

काही पडलं नाही. ताईने चाक फिरवलं.

पाइपातून पाणी धावलं आणि माझं अंग थरथरू लागलं. त्या टाकीत पाणी पडतं ते शिडीच्याच अंगावर, हे मला मामांच्या बोलण्यातून माहीत होतं. चढणाऱ्या माणसाला ते पाणी उचलून खाली फेकणार. तोंडाशी कुणी बसलेलं नव्हतं.

मग आला तो आवाज. ठक. ठक. ठक. मामा पान्याने पाइपावर मारत होते. पंपांच्या घुरघुरीत तो खोलीत ऐकू येण्यासारखा नव्हता. पण मी त्याच भिंतीला चार स्क्रूंनी जखडलेला. प्रत्येक ठोका माझ्या पाठीत बसत होता. तीन ठोके, मग थांबायचं. पुन्हा तीन. माझ्या चौकटीवर साठलेली खडूची भुकटी थोडी थोडी गळू लागली. ताई नोंदवही उघडून बसली होती. बघ इकडे. ही भुकटी उगीच गळत नाही. एवढी वर्षं माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, आज एकदा बघ.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. ठोके जरा बोथट झाले. पाइपाचं तोंड पाण्यात बुडालं असणार, म्हणजे टाकी अर्ध्याच्या वर भरली. मी माझा स्क्रू सैल व्हावा म्हणून जीव टाकत होतो. पडलो असतो तर आवाज झाला असता, ताई उठली असती, तिला चपला दिसल्या असत्या. पण त्या गमत्या सुताराने काम चोख केलं होतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा मी शिव्या दिल्या.

ठक. ठक.

तिसरा ठोका आला नाही. मी वाट पाहिली. पाणी वाहत होतं, पंप घुरघुरत होते, ताई पेनाचं टोपण चावत होती. ठोका आला नाही तो नाहीच.

मित्रांनो, मला रडता येत नाही. लाकूड आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, मला कुणी तरी तोडून चुलीत घालावं.

अडीचला चहावाली मावशी किटली घेऊन आली. मावशीला अक्षरओळख नाही. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर चहा ओतत होती, पण माझ्यावरचा एक शब्दही तिला कधी वाचता आला नाही. तिने दोन ग्लास काढले.

"मामा कुठायत? त्यांचा बिनसाखरेचा वेगळा आणलाय."

"गेले घरी," ताई म्हणाली.

"अनवाणी?" मावशीने हनुवटीने माझ्या पायाकडे दाखवलं. "ह्या काय चपला."

ताईने वाकून बघितलं. पण माणसाचं मन मोठं हट्टी असतं हो. "गमबूट घालून गेले असतील," ती म्हणाली. "हे बघा, लिहून गेलेत."

"मला काय दिसतंय त्यात? वाच की मोठ्याने."

आणि ताईने मोठ्याने वाचलं. त्या पंपघरात कित्येक वर्षांनी कुणीतरी कुणाला तरी माझी ओळ वाचून दाखवत होतं. "टाकी तीन खाली, मामा."

"मग खालीच असतील की मामा," मावशी चहा ओतत म्हणाली. "तूच वाचलंस आणि तूच म्हणतेस घरी गेले."

ताईच्या हातातून पेन पडलं. आत्ता पडलं! तिचा चेहरा असा झाला की तो मला पुन्हा कधी बघायचा नाही. ती चाकाकडे धावली, अर्धी वाट जाऊन थांबली, दाराकडे वळली, पुन्हा चाकाकडे. चाक बंद करायला पाच मिनिटं लागतात आणि टाकीच्या तोंडाशी तर आत्ताच्या आत्ता माणूस हवा. ती एकटी होती. सात माणसांच्या जागी एकटी.

"मावशी! हे चाक असं फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखं. फिरेनासं होईपर्यंत. उलटं फिरवलंत तर आणखी पाणी सुटेल. काय करायचं?"

"असं," मावशीने हवेत हात फिरवून दाखवला. "असंच. थांबेपर्यंत. उलटं नाही."

"बरोबर!" ताई ओरडली आणि गेटवरच्या राखणदाराला हाका मारत पळाली.

ऐकलंत ना? कुणी शिकवलं नव्हतं त्या दोघींना. तोंडचं पाणी पळालेलं असताना, एकीने सांगितलं आणि दुसरीने परत बोलून दाखवलं. मुकादम असता तर कोपऱ्यात उभा राहून नाक पुसत राहिला असता.

मावशीने किटली तिथेच टाकली आणि म्हाताऱ्या हातांनी चाक फिरवू लागली. मधूनमधून पुटपुटत होती, "असं, असंच, उलटं नाही." माझी थरथर कमी कमी होत गेली आणि थांबली. पुढचं मी पाहिलं नाही. मी भिंतीवर होतो, टाकी मागे होती. मला फक्त ताईचा आवाज येत होता, "मामा! मामा!" आणि उत्तर येत नव्हतं. मावशी चाक धरून उभी होती, सोडायचं की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.

बऱ्याच वेळाने पावलं वाजली. ताई आणि राखणदार मामांना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. मामा जिवंत होते. पाणी गळ्याशी आलेलं, छताच्या जवळच्या एका लोखंडी कडीला लोंबकळून राहिले होते. पाना हातातून निसटला होता, म्हणून ठोके थांबले होते. अंधारात पाइपावर मारताना उजव्या हाताची तीन बोटं चेचली होती, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. ओठ निळे. डोळे कुणाकडेच बघत नव्हते. मावशीने बिनसाखरेचा चहा त्यांच्या तोंडाला लावला, तो सगळा अंगावर सांडला.

संध्याकाळी झालंच आला. आईच्या पायाला प्लास्टर घालून थेट इकडे. माझ्यासमोर उभा राहिला आणि फुटला. "मी लिहिलं होतं हो! लिहिलं होतं ना मी!"

"आणि मी वाचलं होतं," ताई म्हणाली. "फोनही केला होता."

दोघंही खरं बोलत होते. दोघांनी आपापलं काम केलं होतं. मी दोघांच्या मध्ये होतो आणि माझ्यावर ती ओळ अजून तशीच होती. ती पुसायचं धाडस कुणाला होईना.

पंधरा दिवसांनी मामा आले, हाताला पांढरी पट्टी. आता कामावर येणार नव्हते. बोटं पाना धरू शकणार नव्हती. निरोप घ्यायला आले होते. झालंच त्यांच्या पाया पडायला वाकला, तर मामांनी त्याला मध्येच धरलं.

"चूक माझीही आहे रे. परत बोल म्हणणार होतो तुला. लाज वाटली. म्हटलं, पुन्हा हसतील."

मग त्यांनी डाव्या हाताने खडू घेतला. माझ्या खालच्या कोऱ्या भागात, जिथे इतकी वर्षं कुणी लिहिलं नव्हतं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहायला लागले. "मामा वर..."

"काय लिहिताय?" मावशीने विचारलं. मामांनी वाचून दाखवलं. मावशी खेकसली, "पुसा आधी! मामा वर म्हणजे लोक रडत घरी येतील तुमच्या!"

मामा हसले. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. तळव्याने पुसलं आणि लिहिलं:

मामा बाहेर.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण चौकशी झाली. साहेबांनी जाड कागदावर निकाल दिला: फळ्यावरील संदिग्ध मजकुरामुळे अपघात घडला. म्हणजे गुन्हेगार मी. फळा काढून तिथे मोठा स्क्रीन लावायचा ठरलं. ग्रुपवर हुकूम आला, "फळा खाली करावा." दुसऱ्या दिवशी झालंच ओलं फडकं घेऊन आला, फळा रिकामा करायला. आणि गोदामवाला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, फळा खाली उतरवायला. दोघं माझ्यासमोर एकमेकांकडे बघत राहिले. झालंचने हळूच माझ्या कपाळावरची पाटी वाचली, बहुतेक पहिल्यांदाच नीट वाचली, आणि मट्कन खुर्चीत बसला.

त्याने फडकं चालवलं नाही. मला त्यानेच उचलून इथे आणलं आणि 'मामा बाहेर' कुणी पुसू नये म्हणून माझं तोंड भिंतीकडे केलं. मग तोही गेला. त्याला दुसऱ्या पंपघरात टाकलं. ताईची बदली झाली. मामा घरी. ज्यांना कळलं होतं ती तिन्ही माणसं तीन दिशांना गेली. मावशी रोज येते, पण स्क्रीनवर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. तिने विचारलं तर म्हणतात, "तुम्हाला काय करायचंय मावशी, चहा द्या."

आणि काल, मित्रांनो, काल दुपारी दोन वाजता भिंतीपलीकडून मला नवे आवाज ऐकू आले.

"तीन नंबर खाली ना?"

"हो हो, खाली."

मग चाक फिरल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून ठोक्यांची वाट पाहत राहिलो. काल ठोके आले नाहीत. काल टाकी खरंच रिकामी होती. उद्याचं मला माहीत नाही. आणि परवा मी नसेन.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मोठे व्हाल, कुठे ना कुठे चार माणसांत काम कराल. कुणी पंपावर, कुणी दवाखान्यात, कुणी स्वयंपाकघरात. तुम्हाला कुणी काही सांगेल आणि तुमच्या तोंडात पटकन 'हो' येईल, किंवा बोट अंगठ्याकडे जाईल. तेव्हा एवढंच करा. लोक हसले तर हसू द्या. मामांसारखी लाज धरू नका.

आत्तासुद्धा मान डोलावू नका. मला दिसत नाही, माझं तोंड भिंतीकडे आहे. मी काय म्हणालो ते तुमच्या शब्दांत, मोठ्याने, मला सांगा.

परत बोला.